गुरुवारी येणारा रविवार

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी इस्त्रीची टपरी आहे. एरवी तिथे विजेची इस्त्री चालते, पण गुरुवारी दुपारपर्यंत विजेचा पत्ता नसतो, तेव्हा टपरीवाला खालच्या फळीवरची जुनी कोळशाची इस्त्री बाहेर काढतो. काल भाजी घेऊन परतताना पाहिलं तर तो एका पांढऱ्या सदऱ्यावर पाणी शिंपडत होता. निखाऱ्यांनी भरलेली ती जड इस्त्री ओल्या खळीवरून फिरली, चर्र आवाज झाला आणि वाफ वर आली. त्या वाफेला एक वास असतो. भाताच्या पेजेचा, तापलेल्या सुताचा आणि थोडा धुराचा. मी पिशवी खाली ठेवून तिथेच उभी राहिले. मला कपडे द्यायचेत असं वाटून टपरीवाला हात थांबवून माझ्याकडे बघत राहिला. मला काहीच द्यायचं नव्हतं. मला फक्त तो वास घ्यायचा होता.

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात ज्यांनी दिवस काढलेत, त्यांना गुरुवार समजावून सांगावा लागत नाही. कारखान्यांची आठवड्याची सुट्टी इथे गुरुवारी असते, कारण त्या दिवशी विजेच्या दुरुस्तीची कामं काढलेली असतात. कंपनीच्या बस मैदानात ओळीने उभ्या असतात आणि त्यांच्या सावलीत कुत्री निवांत ताणून देतात. आठवडाभर कानात बसलेली ती अखंड घरघर एकदम थांबते, आणि तेव्हा कळतं की ती इतके दिवस चालूच होती. सगळ्या जगाचा रविवार इथे रस्त्यावर राबत असतो आणि गुरुवार दाढी न करता दारात पेपर वाचत बसतो. मी लग्न होऊन बार्शीकडून या भागात आले तेव्हा मला हे सगळं फार उलटंपालटं वाटायचं. आता रविवारी घरात बसलेला माणूस दिसला की याची नोकरी सुटली की काय, अशी शंका येते.

तेव्हा आम्ही नेहरूनगरच्या एका चाळवजा इमारतीत राहायचो. आमच्या आणि शेजारच्या बिऱ्हाडात एक भिंत होती, पण ती नावालाच. पलीकडे फोडणीत मोहरी तडतडली की माझ्या सासूबाई इकडे बसल्या बसल्या सांगायच्या, आज त्यांच्याकडे मेथी आहे. शेजारी काका आणि काकू राहायचे. दोघंही नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले, जन्माचे ख्रिस्ती. काका फोर्जिंगच्या कारखान्यात घणावर होते. उंच, काळेसावळे, कामावरून आले की अंगाला तेलाचा आणि तापल्या लोखंडाचा वास. काकू एका बालवाडीत शिकवायच्या. अंगाने चिमणीएवढ्या, पण एकदा एखादी गोष्ट मनात घेतली की समोरच्याने आधीच हार मानलेली बरी. मी नवी नवरी म्हणून सासूबाई मला सूनबाई म्हणायच्या, ते ऐकून काकूही सूनबाईच म्हणू लागल्या. आज माझ्या घरात माझी सून नांदते, तरी त्यांच्यासाठी मी सूनबाईच आहे.

त्यांच्या गावच्या चर्चमध्ये काका तरुणपणी गाण्यात पुढे असायचे. पेटी, तबला, टाळ, आणि चाली अशा की डोळे मिटून ऐकलं तर आमच्या सासूबाईंना आळंदीला बसल्यासारखं वाटावं. उपासनेत पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, एक ओळ म्हणतात आणि मंडळी पुढची म्हणते. मंडळी म्हणजे चर्चमध्ये जमलेले सगळे लोक. त्या मंडळीचा आवाज म्हणजे मुख्यतः काकांचा आवाज, असं काकू सांगायच्या, आणि सांगताना त्यांचा चेहरा नव्या नवरीसारखा व्हायचा. पण शहरात आल्यावर सगळं बदललं. रविवारी काकांची ड्यूटी. नाताळ सोडला तर दोघं एकत्र चर्चमध्ये बसलेत असं क्वचितच घडायचं. काकू एकट्या जायच्या, पुरुषांच्या बाजूला खिडकीजवळचा बाक बराचसा रिकामा असायचा, आणि त्या बाकाकडे पाहून त्यांचा जीव कासावीस व्हायचा. अशा रिकाम्या जागांचे सगळे मालक त्या घटकेला कुठल्या ना कुठल्या कारखान्यात उभे असायचे. “माणूस देवाला इसरत न्हाई सूनबाई,” त्या एकदा मला म्हणाल्या, “पर मंडळी माणसाला इसरती. तोच घोर हाय.” आपला नवरा मंडळीतून हळूहळू पुसला जातो आहे, एवढी एकच भीती त्यांना होती. पुढे जे काही उभं राहिलं ते या भीतीतून.

आमच्याच इमारतीत लग्नाचं शूटिंग करणारे एक गृहस्थ राहायचे, परभणीकडचे. सगळे त्यांना शूटिंगवाले भाऊ म्हणत. काकूंनी त्यांना गाठलं. रविवारची उपासना कॅमेऱ्यात धरायची आणि गुरुवारी काकांना दाखवायची, एवढंच. भाऊंनी आयुष्यात फक्त लग्नंच काढली होती, त्यामुळे त्यांनी पाळकसाहेबांनाही नवरदेवासारखंच काढलं. पहिल्या कॅसेटमध्ये प्रवचन चालू असताना पाळकांच्या डोक्याभोवती गुलाबाच्या पाकळ्या फिरत होत्या आणि प्रार्थनेच्या वेळी पडद्याचे दोन भाग होऊन त्यांचा चेहरा बदामाच्या आकारात येत होता. त्या गुरुवारी संध्याकाळी काका इतके हसले की भिंतीपलीकडे आम्हालाही हसू आवरेना. पाळकसाहेब भले, त्यांनी फक्त बदाम तेवढा काढून टाका म्हणून विनंती केली.

मग शेजारपाजारची, गुरुवारी सुट्टी असलेली ख्रिस्ती घरं ती कॅसेट मागायला लागली. एका घरून दुसऱ्या घरी जाता जाता तिची फीत झिजली. तेव्हा काकूंनी केबलवाल्याला गाठलं. तोही आमच्याच आळीतला, गणपतीत ढोल वाजवणारा. त्याच्याकडे स्वतःचा एक चॅनेल होता, त्यावर दिवसभर जुने सिनेमे आणि साड्यांच्या सेलच्या जाहिराती चालायच्या. त्यातला थोडा वेळ काकूंनी मागून घेतला. आपल्या या शहरातल्या पहिल्या ख्रिस्ती टीव्ही केंद्राची मुहूर्तमेढ अशी सिनेमा आणि साड्यांच्या मधल्या फटीत रोवली गेली. पहिलं असं मी म्हणते. खरोखर पहिलं होतं की नाही ते देव जाणे, पण आमच्या जिन्यात त्याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

पहिलं प्रक्षेपण ठरलं गुरुवारी सकाळी दहाला, बरोबर चर्चच्या वेळेला. आठवडाभर सांगणं-सवरणं चाललं होतं. काकूंच्या खोलीत सतरंजी घातली होती, खारी आणि चहा तयार होता, दापोडीहून आणि सांगवीहून पाहुणे आले होते. काका अंघोळ करून कोळशाच्या इस्त्रीचा, खळीच्या त्याच वासाचा पांढरा शर्ट घालून टीव्हीसमोर ताठ बसले होते. मी आणि सासूबाई दारात उभ्या. दहा वाजले. भाऊंनी टीव्हीचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग कुणीतरी मान वर करून पंख्याकडे पाहिलं. तो केव्हाचाच थांबला होता. ओट्यावर चहा उतू गेला. काका अगदी हळू म्हणाले, “आगं, लाईट नसती म्हनून तर मला सुट्टी असती.”

कारखान्यात आयुष्य गेलेली इतकी माणसं त्या खोलीत बसली होती, पण एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे रविवार होता, तो मिळणार होता गुरुवारी, आणि गुरुवार इतका अंगवळणी पडलेला की तो कशापायी आपला झाला हेच सगळे विसरले होते. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांनी मात्र खारीची बशी फिरवायला घेतली आणि टीव्हीशिवायच एक भजन उचललं. पाहुण्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. मी तोवर त्यांचा गाता आवाज ऐकला नव्हता. खर्जातला, घणाच्या गरमीत भाजून निघालेला आवाज, पण वर गेला की लोण्यासारखा मऊ व्हायचा. त्या दिवशी प्रथमच मला काकूंचं दुःख नीट कळलं. असा आवाज घरात आहे आणि जिथे तो लागायला हवा तिथे त्याची जागा रिकामी आहे, हे कुणालाही सहन झालं नसतं.

त्यानंतर प्रक्षेपण संध्याकाळी गेलं. आता खरी पंचाईत आमच्या घरात झाली, कारण गुरुवार आमच्याकडे दत्ताचा. सासूबाईंचा उपास आणि संध्याकाळी आरती. पहिल्या आठवड्यात आरतीची घंटा आणि पलीकडची पेटी एकमेकींवर कुरघोडी करत राहिल्या. इमारतीतल्या काहींनी नाकं मुरडली, हे काय नवीन म्हणून जिन्यात कुजबुज झाली. पुढच्या गुरुवारी सासूबाईंनी आरती दिवेलागणीच्या आधीच उरकली, प्रसादाचा पेढा वाटीत घालून भिंतीपलीकडे पाठवला आणि मला म्हणाल्या, आता त्यांचं चालू दे, पेटीवाला बरा वाजवतो. यावर मला आजही काही जोडावंसं वाटत नाही.

पण काकूंचं मन भरलं नव्हतं. टीव्हीवर पाळक ओळ म्हणायचे, काका उत्तर द्यायला तोंड उघडायचे, आणि तेवढ्यात पाळक पुढच्या ओळीवर गेलेले असायचे. भाऊंनी लग्नाच्या सवयीने मधले रिकामे क्षण कापून टाकले होते. वरातीत कोण थांबून बघतो? काका अर्ध्या शब्दावर तोंड मिटायचे. चार गुरुवारांत त्यांनी तोंड उघडणंच सोडलं. ते नुसते बघत बसू लागले, सिनेमा बघावा तसे. काकूंनी हे पाहिलं आणि त्या दिवशीच भाऊंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. पाळकांची ओळ झाली की थांबायचं, घरातला माणूस सावकाश उत्तर देईल एवढं थांबायचं, मग पुढे जायचं. भाऊंनी कपाळावर हात मारला. पडदा मुका झाला तर लोक समजतील केबल गेली, ते म्हणाले. आणि तसंच झालं. पुढच्या गुरुवारी प्रत्येक थांब्याला केबलवाल्याचा फोन खणखणला. आवाज गेला, आवाज गेला. लोकांनी टीव्हीवर थपडा मारल्या, एकाने तर गच्चीवर चढून वायर हलवली आणि अख्ख्या गल्लीचं चित्र घालवलं.

यावर तोडगा काकूंनीच काढला. थांब्यात पाळकांचा चेहरा दाखवायचा नाही, चर्चमधला तो खिडकीजवळचा रिकामा बाक दाखवायचा. बाक दिसला की आपली पाळी. सांगायला सोपं, कळायला त्याहून सोपं. दोन-तीन आठवड्यांत सगळ्या घरांना ते उमगलं. आणि मग एका गुरुवारी, मी भाकरी थापत असताना, भिंतीपलीकडून पाळकांचा बारीक आवाज आला, तो थांबला, आणि त्या थांब्यात काकांचा आवाज उभा राहिला. भरलेला, स्वच्छ, घाई नसलेला. माझा हात परातीतच थांबला. नंतर कित्येक वर्षं मी गुरुवारची भाकरी त्या तालावर थापली. पाळक मला कधी नीट ऐकू आले नाहीत. मला ऐकू यायची ती फक्त उत्तरं.

केंद्र वाढलं. काकूंच्या खोलीतून ते एका पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत गेलं, स्वतःचा चॅनेल झाला. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवले, मागे निळा पडदा लावला, आणि गिरणी बंद असेल तेव्हाच बोलायचं असा नियम झाला. तरी बातम्या वाचत असल्यासारख्या ऐटीत बसलेल्या निवेदिकेच्या नाकावर पिठाचा पांढरा ठिपका दिसायचाच. नर्सिंग करणाऱ्या केरळी मुलींसाठी मल्याळी कार्यक्रम आला, तमिळ आला, हिंदी आला. आजाऱ्यांसाठी प्रार्थना असायची, आणि तिथे फोन करणाऱ्यांत आमच्या इमारतीतल्या, जिन्यात नाक मुरडलेल्या दोघीही होत्या, एकीच्या मुलाची बारावी होती म्हणून. सगळंच काही चांगलं होतं असं नाही. प्रवचनं लांबायची, कॅमेरा हलायचा, एक बाई इतक्या वरच्या सुरात गायच्या की सासूबाई कानावर पदर घ्यायच्या. पण हे सगळं कामावरून दमून आलेली माणसं करत होती, कुणी बघेल न बघेल याची फिकीर न करता. मला त्यांचा हेवा वाटायचा. मी विमा कंपनीत नोकरी करत होते, चांगली करत होते, पण इतक्या मनापासून मी काही केलं नव्हतं.

काका निवृत्त झाले आणि त्यांना खराखुरा रविवार मिळाला. काकूंनी त्यांना वाजतगाजत न्यावं तसं चर्चमध्ये नेलं. ते सरळ जाऊन त्या खिडकीजवळच्या बाकावर बसले. इतकी वर्षं रिकामा दिसलेला बाक भरलेला पाहून गुरुवारी घराघरांतून केंद्रावर फोन आले, आज आमच्या बाकावर कोण बसलंय म्हणून. पण गंमत वेगळीच झाली. काकांना थांब्याची सवय लागली होती. पाळक ओळ म्हणत, मंडळी लगेच उत्तर देई, आणि सगळं शांत झाल्यावर एकटे काका आपलं उत्तर सावकाश द्यायला घेत. पोरं खुदखुदायची. काका ओशाळून गप्प बसायला लागले. घरी आल्यावर म्हणाले, टीव्हीवरच बरं होतं.

काकू यावर काय करतात याची मी वाट पाहत होते, पण त्यांना काहीच करावं लागलं नाही. एका रविवारी पाळकसाहेब ओळ म्हणून थांबले. पुढची ओळ त्यांनी घेतलीच नाही. काकांच्या बाकाकडे पाहत नुसते उभे राहिले. मंडळीही थांबली. मग काकांनी श्वास घेऊन सुरुवात केली, आणि त्यांच्यामागून सगळे आले. काकू ते सांगत होत्या तेव्हा भिंतीपलीकडे राहणारी मी त्यांच्या ओट्याशी बसून चक्क रडले. गैरहजर माणसांसाठी राखून ठेवलेली ती शांतता टीव्हीतून निघून चर्चमध्ये जाऊन बसली होती.

पुढे घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले आणि लहान चॅनेल एकेक करून पुसले गेले. हाही गेला. गिरणीवरची खोली रिकामी झाली. आम्हीही मोशीच्या पुढे, चाकण रस्त्याला उंच इमारतीत राहायला आलो. सासूबाई गेल्या. मागच्या वर्षी काका गेले. केंद्र मात्र गेलं नाही, ते फोनवर आलं. ते चालवतात आता हिंजवडीत नोकरी करणारी मुलं, तेव्हाच्या कामगारांची नातवंडं. काकांना जाऊन थोडेच महिने झाले होते, तेव्हा त्यांतला एक मुलगा काकूंकडे आला होता. मी त्या दिवशी तिथेच होते. मुलगा फार अदबीने बोलत होता. रविवारची उपासना आता थेट दिसते, कंपनीत जेवणाच्या सुट्टीतही दिसते, तेव्हा गुरुवारचं वेगळं दाखवणं बंद करावं का, असं त्याने विचारलं. आणि ठेवलंच तर ते थांबे काढावेत, लोक तिथे कंटाळून व्हिडिओ पुढे ढकलतात. काकूंनी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, त्याला चहा दिला, त्याच्या आजोबांची चौकशी केली.

“ढकलू दे ज्याला ढकलायचंय त्याला,” मग त्या म्हणाल्या. “पर बाळा, कुनीतरी अजून कामावर आसंल. त्याची जागा हाय ती. ती आपल्याला मोडता येत न्हाई.”

मुलाने मान डोलावली. गुरुवार राहिला. थांबे राहिले.

काल इस्त्रीच्या त्या वासाने मला बसू दिलं नाही. भाजी घरात टाकली आणि बस धरून नेहरूनगरला गेले. काकू आता फार थकल्या आहेत, पण गुरुवारची सतरंजी अजून घालतात. नातवाने त्यांना फोनवरचं टीव्हीवर लावून दिलं होतं. संध्याकाळची वेळ, पंखा फिरत होता. पडद्यावर नवे, तरुण पाळक होते. त्यांनी ओळ म्हटली आणि बाक आला. तोच खिडकीजवळचा, पुन्हा रिकामा झालेला. मी काकूंकडे पाहिलं. दर रविवारी चर्चमध्ये सगळ्यांच्या पुढे आवाज लावणाऱ्या त्या आता हात मांडीवर ठेवून गप्प बसल्या होत्या. दुसरा थांबा आला, तेव्हाही गप्पच. मला वाटलं, दम लागत असेल. मी हळूच विचारलं, काकू, तुम्ही म्हणत नाही?

त्यांनी माझ्याकडे न पाहता मान हलवली. “मी रविवारी म्हनते की. गुरुवारची पाळी ह्यांची हाय.”

आपण सगळे गेलेल्या माणसांचं काही ना काही जपून ठेवतो, फोटो, चष्मा, एखादा सदरा. काकूंनी काकांचा बोलायचा वेळ ठेवला आहे, आणि तो दर आठवड्याला नव्याने मोकळा करून ठेवावा लागतो. मला त्यांना काही म्हणायचं होतं, पण तेवढ्यात पाळकांची पुढची ओळ झाली आणि पडद्यावर बाक आला. बाक दिसत होता तोवर त्या खोलीत कुणीच बोललं नाही.